स्वतःचें घर आणि उष्णतेचा हिशेब

"घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून" अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधतांना किती अडचणी येतात व पैशाचा अंदाज कसा कोलमडतो, हें तींत थोडक्यांत सांगितलें आहे. परंतु घराचा एक खर्च असा आहे कीं, तो बांधकाम संपल्यावर सुरू होतो आणि घर उभें असेपर्यंत दर महिन्यास द्यावा लागतो. तो म्हणजे घर राहण्याजोगें थंड ठेवण्याचा खर्च होय. पंखे, कूलर व वातानुकूलन यंत्र यांना लागणाऱ्या विजेच्या रूपानें तो आपल्यापुढें येतो. ज्या घरास ही वीज थोडी लागते, तें ऊर्जेची काटकसर करणारें घर. असें घर स्वतः बांधूं इच्छिणाऱ्यास कोणत्या अडचणींस तोंड द्यावें लागतें, याचा विचार आपल्या दख्खनच्या पठारावरील घरें डोळ्यांपुढें ठेवून येथें करावयाचा आहे.

प्रथम सूर्याकडे पाहूं. पुणें हें उत्तर अक्षांश सुमारें १८.५ वर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास तेथें भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. २१ मार्चच्या सुमारास तो दक्षिणेकडे क्षितिजापासून ७१.५ अंशांवर असतो, आणि २१ डिसेंबरच्या सुमारास केवळ ४८ अंशांवर. आतां दक्षिणेकडील खिडकीवर २ फूट रुंदीचा छज्जा आहे असें समजा. त्रिकोणमितीनें गणित केल्यास मार्चमधील दुपारीं त्याची सावली खालीं ६ फुटांपर्यंत पडते, म्हणजे सबंध खिडकी झांकली जाते. डिसेंबरांत ती सव्वादोन फुटांपलीकडे जात नाहीं, म्हणजे हिवाळ्याचें हवेंसें ऊन घरांत येतें. एकच छज्जा उन्हाळ्यांत दार लावतो व हिवाळ्यांत दार उघडतो, आणि त्यास विजेचा एक थेंबही लागत नाहीं! पश्चिमेची गोष्ट मात्र निराळी. सायंकाळीं सूर्य २७ अंशांपर्यंत खालीं आला असतां तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीचा जेमतेम वरचा एक फूट झांकतो. बाकीचें ऊन सरळ खोलींत शिरतें.

यावरून नियम निघतो तो हा कीं, घराच्या लांब भिंती व मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेस असाव्या, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती आंखूड असाव्या. नियम सोपा खरा. पण पहिली अडचण येथेंच उभी राहते. जागा आपल्या मनाजोगी मिळत नाहीं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद अशी जमीन. तींत रस्ता पश्चिमेस असला आणि दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती असल्या, तर खिडक्या पश्चिमेसच येणार. अशा वेळीं जिना, न्हाणीघर, कोठी हीं पश्चिमेच्या अंगास घालावीं, म्हणजे उन्हाचा मारा त्यांवर बसून निजावयाच्या खोल्या वांचतात. आणि पुढें जागा असल्यास एखादा कडुनिंब लावावा. मात्र हें सर्व नकाशा काढण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. एकदां भिंत उभी राहिली कीं, तिचें तोंड फिरवितां येत नाहीं.

दुसरी अडचण छपराची. उन्हाळ्यांत सूर्य डोक्यावर असल्यामुळें भिंतींपेक्षां छपरावर अधिक ऊन पडतें. आज बहुतेक घरांवर सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब असतो. तो दिवसभर तापतो व सांठविलेली उष्णता रात्रीं खालीं सोडतो. म्हणूनच बाहेर वारा गार झाला तरी वरच्या मजल्यावर झोंप येत नाहीं. केंद्र सरकारनें २०१८ सालीं राहत्या इमारतींसाठीं 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तिच्या मतें छपराच्या आंत-बाहेर १ अंश सेल्सिअसचा फरक असतां दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षां जास्त उष्णता आंत जाऊं नये. उघड्या स्लॅबमधून सुमारें ३ वॅट जाते. समजा स्लॅब ५० चौरस मीटरचा आहे आणि फरक २० अंशांचा आहे. तर उघड्या स्लॅबमधून ३ × ५० × २० = ३००० वॅट उष्णता आंत येईल; जणूं हजार-हजार वॅटच्या तीन इस्त्र्या छताला उलट्या टांगून चालू ठेविल्या आहेत. संहितेप्रमाणें आच्छादन केल्यास हीच उष्णता १२०० वॅटवर येते. हें आच्छादन स्लॅबच्या वरून घालावें, खालून नव्हे. कारण वरून घातल्यास ऊन स्लॅबपर्यंत पोहोंचतच नाहीं. ज्यांना तेवढी ऐपत नाहीं त्यांनीं गच्चीस दर उन्हाळ्यापूर्वीं चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवावे. पांढरा पृष्ठभाग पुष्कळसें ऊन परत फेंकतो.

येथें कोणी म्हणेल, "आमच्या आजोबांचें माळवदाचें घर विजेवांचून गार असे; तेंच पुन्हां कां बांधूं नये?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर गंभीर आहे. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदांत लांकडी तुळयांवर फळ्या व त्यांवर मातीचा जाड थर असे. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट व त्याहूनही जाड. उष्णतेला एवढें अंतर ओलांडण्यास कित्येक तास लागत, म्हणून दुपारीं आंत गारवा राही. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास किल्लारी येथें भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मृत्यू पावलीं. त्यांतील बहुतेक झोंपेंत आपल्याच घरांच्या दगडांखालीं व मातीखालीं गाडलीं गेलीं. भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, त्यांस बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, आणि डोक्यावर टनावारी माती होती. जो जडपणा गारवा देई, तोच प्राणावर बेतला. त्यानंतर दगडी भिंतीची लोकांना धास्ती बसली. पण तिच्या जागीं पातळ भिंती व उघडा स्लॅब आल्यानें घरें उन्हाळ्यांत तापूं लागलीं. खरें आव्हान हें आहे कीं, गारवा व सुरक्षितता या दोहोंपैकीं एकीचा बळी देऊन दुसरी मिळवूं नये. भिंतींत आरपार दगड, जोत्यावर, दारें-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखालीं काँक्रीटचे सलग पट्टे, आणि मातीच्या जड थराऐवजीं हलकें आच्छादन, असा मेळ घालतां येतो. त्यासाठीं जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. ती रक्कम वांचविण्याची नव्हे.

तिसरी अडचण कारागिरीची. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे बर्मिंगहॅम येथें शिकलेले वास्तुशिल्पी १९४५ सालीं कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आले व पुढें केरळांत त्यांनीं शेंकडों स्वस्त आणि हवेशीर घरें बांधलीं. त्यांनीं लोकप्रिय केलेली वीटकामाची एक पद्धत 'रॅट-ट्रॅप', म्हणजे उंदराच्या सांपळ्यासारखी जोडणी, या नांवानें ओळखली जाते. हींत विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या लावतात. त्यामुळें ९ इंच जाडीच्या भिंतीच्या मध्यें पोकळी राहते. विटा सुमारें चौथ्या हिश्श्यानें कमी लागतात, आणि पोकळींतील कोंडलेली हवा उष्णतेस अडविते, कारण स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. मात्र गवंड्याच्या हातून पोकळींत माल पडत राहिला तर सारा लाभ फुकट जातो. ज्या गवंड्यानें ही जोडणी पूर्वीं केलेली नाहीं, तो ती टाळूं पाहतो; शिवाय काम ब्रासाच्या मापानें ठरलें असल्यास त्याला घाई असते. म्हणून मालकानें प्रथम एक लहानशी नमुन्याची भिंत बांधून घ्यावी, सावकाश कामाची मजुरी अधिक द्यावी, आणि स्वतः जागेवर उभें राहावें.

चौथी अडचण पैशाची; पण तींतच घर बांधणाऱ्याचें बळही आहे. विकण्यासाठीं इमारत बांधणाऱ्यास विजेचें बिल भरावें लागत नाहीं. म्हणून छपराच्या आच्छादनावर खर्च करण्याची त्यास गरज वाटत नाहीं. आपलें घर आपण बांधणारा मात्र खर्च करणारा व लाभ घेणारा असा दोन्हीं आहे. वर सांगितलेली संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठीं रचलेली आहे. एक-दोन गुंठ्यांच्या मालकास तिचें बंधन नाहीं, त्याची समजूत हाच त्याचा कायदा. त्यानें खर्चाचा क्रम लावावा. घराची दिशा व खिडक्यांच्या जागा यांस पैसा लागत नाहीं. त्या आधीं ठरवाव्या. समोरासमोर खिडक्या ठेवल्यास रात्रीचा वारा फुकट मिळतो. नंतर छज्जे व छपराचें आच्छादन. यंत्रें सर्वांच्या शेवटीं, आणि तींही पाहून घ्यावीं. जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, नव्या धाटणीचा सुमारें ३० वॅट. दीड टनाचें वातानुकूलन यंत्र पूर्ण जोरानें चालतांना सुमारें १५०० वॅट घेतें, म्हणजे एका यंत्राच्या विजेवर असले पन्नास पंखे चालतील. पुष्कळ लोक हा क्रम उलटा लावतात. दर्शनी भागाच्या शोभेवर पैसा संपतो, छपर उघडें राहतें, आणि मग हप्त्यानें यंत्र आणावें लागतें.

हे नियम पठारासाठीं आहेत. कोंकणांत हवा दमट असल्यामुळें तेथें जाड भिंतीपेक्षां वारा खेळता ठेवणें, उतरतें कौलारू छपर व रुंद पडवी यांचें महत्त्व अधिक. प्रत्येक गांवानें आपल्या हवेप्रमाणें घराचा विचार करावा, दुसऱ्या गांवाची नक्कल करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं बहुतेकांना घर बांधावयास अजून पुष्कळ वर्षें आहेत. परंतु अभ्यास आजच सुरू करतां येईल. येत्या मे महिन्याच्या सुटींत एक तापमापक घ्या. दुपारीं तीन वाजतां व रात्रीं दहा वाजतां घराच्या प्रत्येक खोलींतील तपमान आठ दिवस वहींत टिपा; चारी भिंतींस व छतास हात लावून कोणती बाजू केव्हां तापते तें लिहा. त्या नोंदींवरून आपल्या घरांत उष्णता कोणत्या वाटेनें शिरते, हें तुम्हांस कळेल. ती वाट वडीलधाऱ्यांस दाखवा. एखादा बांबूचा पडदा किंवा गच्चीवर चुन्याचा एक हात एवढ्यानेंही घरांतील वृद्धांची व तान्ह्या बाळांची रात्र सुखाची होईल. आणि पुढें स्वतःचें घर बांधण्याची वेळ येईल तेव्हां पायाचा पहिला दगड बसण्याआधीं कोणते प्रश्न विचारावयाचे, हें तुम्हांस ठाऊक असेल.