पाप कोणाचं?

वाचन: योहान ९:१-७

फर्दापूरला आमच्या गल्लीत एका बाईला कुष्ठरोग निघाला, तेव्हा "कुणाचं तरी पाप फेडतेय" हेच आधी कानावर आलं. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. शिष्यांनीही जन्मांधाला पाहून विचारलं, पाप याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारलं आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला.

मिर्याम आणि गेहजी यांचं कोड ही शिक्षाच होती, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. पण तो निवाडा शेजाऱ्यांनी केला नव्हता. ईयोबाच्या मित्रांनी तसा केला, तर देवाचा राग त्यांच्यावरच भडकला.

कुष्ठाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्येच शोधला. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, त्या बाईही घेतात. त्यांच्याकडचा चहा मात्र अजून कुणी घेत नाही. मीही नाही.