वाटेवरचे सोबती

मुलांनो, दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात, म्हणजे साधारण जूनच्या सुमारास, दोन घोडे बेळगाव जिल्ह्यातील अंकली या गावाहून निघतात. मिरज, सांगली, पेठ नाका, कराड असे करत ते महामार्गाने आपल्या उंब्रजवरून साताऱ्याकडे जातात आणि शेवटी पुण्याजवळच्या आळंदीला पोहोचतात. ही सारी वाट ते पायी चालतात. आज मालमोटारीत घालून त्यांना एका रात्रीत आळंदीला नेता येईल. तरीही ते चालतच जातात. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

साताऱ्याजवळ आरफळ नावाचे गाव आहे. तेथील हैबतराव पवार हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मिळवलेले धन घेऊन गावी परत येत असताना सातपुड्याच्या डोंगरात त्यांना लोकांनी पकडले आणि एका गुहेत कोंडून ठेवले, असे सांगतात. तेथून सुटका झाल्यावर त्यांचे मन संसारात रमेना. ते आळंदीला गेले आणि संत ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशीच राहिले. लोक त्यांना हैबतबाबा म्हणू लागले.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. आषाढी एकादशीसाठी तेथे चालत जाण्याची रीत, म्हणजे वारी, फार जुनी आहे. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांच्या पादुकांची स्वतंत्र पालखी आळंदीहून सुरू केली. ते लष्करात वाढलेले गृहस्थ. कोणी पुढे चालायचे, कोणी मागे, मुक्काम कोठे पडायचा, हे सारे त्यांनी शिस्तीने बसवले.

पण ही गोष्ट एकट्याने होण्यासारखी नव्हती. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. वासकरांसारखे सोबती भजन करणारी मंडळी घेऊन आले. ही माणसे वेगवेगळ्या गावांची. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे ही वाट.

पुढे हैबतबाबा वारले. आळंदीच्या मंदिरात महाद्वारातून शिरताना एक पायरी लागते. तिला आजही हैबतबाबांची पायरी म्हणतात. कार्तिक महिन्यातला आळंदीचा सोहळा याच पायरीच्या पूजेने सुरू होतो. सरदार राहिलेल्या माणसाची आठवण एका पायरीत आहे, ही मला मोठी बोलकी गोष्ट वाटते. आणि सोबत्यांनी काय केले? त्यांनी आपापले काम सोडले नाही. वासकरांची दिंडी अजून ठरलेल्या जागी चालते. पालखीत आरफळकर घराण्याला अजून मान आहे. शितोळ्यांचे घोडे तर तुम्ही स्वतः रस्त्यावर पाहू शकता. दिलेला शब्द नातवंडा-पतवंडांनी पाळला, म्हणून ते घोडे चालत जातात.

आता दिंडी म्हणजे काय ते पाहू. दिंडी म्हणजे एकत्र चालणाऱ्यांचा गट. कोणाच्या हातात टाळ, कोणाच्या गळ्यात वीणा किंवा मृदंग, बायकांच्या डोक्यावर तुळशीचे वृंदावन. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि मागे तर शेकडो. दिंडीत सर्वजण एकमेकांना 'माउली' म्हणतात. माउली म्हणजे आई. पुरुषालाही माउलीच म्हणायचे! नाव, गाव, जात नंतर कळते, कधी कळतही नाही. पाय सुजला तर शेजारचा माणूस तेल चोळून देतो. पुढच्या वर्षी तोच शेजारी पुन्हा भेटतो आणि अशी तीस-चाळीस वर्षे सरतात.

मुक्कामाच्या जागी संध्याकाळी सर्व दिंड्या जमतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. तिचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग दिवसभरात सापडलेल्या वस्तूंची माहिती सांगितली जाते. किती साधी आणि चोख व्यवस्था!

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी लोक जहाजाने जिद्द्याला जात असत. त्या दिवसांत जडलेली दोस्ती पुढे आयुष्यभर टिकली, असे सांगणारे बुजुर्ग आपल्या मोहल्ल्यातही भेटतात. उर्दूत आपण ज्याला हमसफर म्हणतो, तोच हा वाटेवरचा सोबती.

वारीच्या वाटेवर मुसलमान सोबतीही आहेत. संत तुकारामांची पालखी देहूहून निघते, तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तेथे अभंग व आरती होते आणि मगच पालखी पुढे सरकते.

बारामती तालुक्यातील माळेगावच्या जैतुनबी सय्यद यांचे नाव तर वारीत सर्वांना ठाऊक होते. त्या कीर्तन करत. लोक त्यांना जयदास महाराज असेही म्हणत. कित्येक वर्षे त्या आपली दिंडी घेऊन पंढरपूरला चालत गेल्या. मुसलमान बाईने वारी का करावी, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. श्रद्धेचा हिशेब ज्याचा त्याच्या रबकडे. आपण एवढे पाहू की हजारो अनोळखी माणसांनी या बाईला आपली मानले आणि तिनेही त्यांना परके मानले नाही. तिला आपले नाव लपवावे लागले नाही.

२०१० साली, वारीच्याच दिवसांत, पुण्यात जैतुनबींचे निधन झाले. पुण्यापुढे दिवे घाटाची चढण लागते. मग सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरा नदी ओलांडली की आपल्या सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव आणि फलटण. त्या वर्षी ही सारी वाट त्यांचे सोबती त्यांच्यावाचून चालले.

शब्दार्थ
वाट – रास्ता. सोबती – हमसफर, साथी. पदरी असणे – मुलाजमत में होना. पादुका – खडाऊँ. मुक्काम – कयाम, पडाव. बोलकी – खूप काही सांगणारी. चोख – नीट, बिनचूक. परका – बेगाना.

स्वाध्याय
१. अंकलीचे घोडे आजही पायी का जातात?
२. सायंकाळी एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहिले, तर त्याचा अर्थ काय होतो?
३. 'माउली', 'दिंडी', 'विसावा' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा.
४. घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध माणसाला त्यांच्या प्रवासातील सोबत्याविषयी विचारा. त्यांनी सांगितलेले दहा ओळींत मराठीत लिहा.