पाळीव व रानटी बदकांची ओळख

पाझर तलाव, बंधारे व भातखाचरे यांच्या काठी बदके पाळणाऱ्या गावांत पाळीव आणि रानटी बदके पुष्कळदा एकाच पाण्यावर वावरताना दिसतात. चुकून पाण्यावर आलेले बदक शेजाऱ्याचे असावे असे समजून एखादा शेतकरी ते खुराड्यात कोंडतो. ते रानटी निघाल्यास मात्र प्रकरण अंगाशी येते, कारण अशी बदके पकडणे, मारणे किंवा त्यांची अंडी उचलणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. शिवाय रोगाचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यास ही ओळख पक्की असणे अगत्याचे आहे.

दोहोंत साम्य का असते, हे प्रथम समजून घ्यावे. मस्कोव्ही ही जात सोडली, तर जगातील सर्व पाळीव बदके मॅलार्ड नावाच्या एकाच रानटी जातीपासून निपजलेली आहेत. पाळीव नराच्या शेपटीवर वर वळलेली, कुरळी पिसे असतात, ती या मूळ पुरुषाचीच खूण होय. मॅलार्ड हा आपल्याकडे विरळा येणारा हिवाळी पाहुणा आहे. महाराष्ट्रातील पाण्यावर बारमाही आढळणारे व पाळीव बदकाशी अधिक घोटाळा करविणारे रानटी बदक म्हणजे प्लवा, यालाच हळदीकुंकू असेही म्हणतात.

हे दुसरे नाव फार समर्पक आहे. काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस कुंकवासारखा तांबडा ठिपका, एवढे दिसले की शंका उरत नाही. अंगावर खवल्यांसारखी नक्षी, पंखावर चकाकणारा हिरवा पट्टा आणि पाठीच्या मागील भागी पांढरे पीस असते. नर व मादी दिसण्यात जवळजवळ सारखीच असतात. याउलट खाकी कॅम्पबेल या पाळीव जातीची मादी सपाट खाकी रंगाची असते. तिच्या चोचीवर पिवळे टोक नसते आणि पंखावर हिरवा पट्टाही नसतो. नराचे डोके मात्र गडद, कांस्य झाक असलेले असते. संपूर्ण पांढरे बदक दिसल्यास ते पाळीवच समजावे. छातीवर किंवा मानेवर वेडेवाकडे पांढरे डाग असल्यास ते बहुधा पाळीव संकराचे असते.

तथापि केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. रूएन या पाळीव जातीचा रंग मॅलार्डसारखाच असतो. अंगाची ठेवण अधिक खात्रीची खूण होय. पाळीव बदक जड, पोटाशी लोंबणारे व मागील बाजूस भरदार असते. पेकिनसारख्या मांसल जातीचे वजन ३ ते ४ किलोपर्यंत भरते. रानटी प्लवा सुमारे दीड किलोच्या आतच राहतो आणि त्याचे अंग सुटसुटीत असते. माणूस जवळ येताच प्लवा पाण्यावरून सरळ वर झेपावतो. पाळीव बदक पंख फडफडवीत पळते, किंवा खाद्याच्या आशेने उलट जवळच येते.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. पिसे झडण्याच्या काळात रानटी बदकांची उडण्याची सर्व पिसे एकदमच गळतात व काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा उडत नाही म्हणून ते पाळीव, असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी चोच पाहावी.

मस्कोव्हीविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. हे बदक मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतील असून त्याच्या डोळ्यांभोवती व चोचीच्या मुळाशी तांबडी, खडबडीत, मांसल कातडी असते. पाळलेले मस्कोव्ही चांगले उडते व झाडावरही बसते. त्यामुळे काही लोक त्यास नकटा हे रानटी बदक समजतात. नकट्याच्या नराच्या चोचीवर काळसर मांसल उंचवटा असतो आणि पांढऱ्या डोक्यावर काळे ठिपके असतात. तांबडी कातडी मुळीच नसते.

पावसाळ्यात बांधावरील गवतात अंडी सापडली, तर ती उचलून खुडूक कोंबडीखाली बसविण्याचा मोह अनेकांना होतो. प्लवा याच काळात पाण्याजवळच्या दाट गवतात घरटे करतो, हे ध्यानी घेऊन अशी अंडी जागच्या जागी सोडावीत. पाळीव बदकेही कुठेही अंडी घालतात, आणि त्यांतूनच हा घोटाळा होतो. बदके पहाटे अंडी घालत असल्याने कळप सकाळी उशिरापर्यंत खुराड्यात ठेवल्यास ही अडचण बव्हंशी टळते.

रोगाविषयी एवढे सांगितले पाहिजे की, बर्ड फ्ल्यूचे विषाणू रानटी बदकांच्या अंगी असूनही पुष्कळदा त्यांच्यावर काही लक्षण दिसत नाही. २००६ मध्ये नवापूर परिसरातील कोंबड्यांत आणि २०१४ मध्ये केरळातील आलप्पुळा भागात बदकांत हा रोग पसरला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतरित बदके जायकवाडी, उजनी व नांदूर मध्यमेश्वर अशा जलाशयांवर मोठ्या संख्येने उतरतात. त्या काठच्या शेतकरी बंधूंनी या काळात आपला कळप शक्यतो वेगळ्या पाण्यावर ठेवावा आणि खाद्य उघड्यावर पसरू नये. मेलेले बदक, पाळीव असो वा रानटी, उघड्या हाताने उचलू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जखमी रानटी बदक आढळल्यास वनविभागास खबर द्यावी.