वाटांचा तक्ता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा दौंड स्टेशनवर हमाली करतात. बी.ए.ला गणित घेतल्याचे कळताच त्यांनी विचारले, "त्यानं काय कळतं गं?" उत्तर द्यायला मला वर्ष लागले.

पाच जंक्शने घेऊ. यांपैकी दुसरे कोणतेही मध्ये न लागता दोहोंत लोहमार्ग असेल तर १, नसेल तर ०:

कल्याण ० १ ० १ ०
पुणे १ ० १ ० ०
दौंड ० १ ० १ ०
मनमाड १ ० १ ० १
भुसावळ ० ० ० १ ०

उभे स्तंभ याच क्रमाने. हीच संलग्नता-सारणी.

केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील चिन्हलिपीतून पुढे एपीएल ही संगणकभाषा झाली. पुष्कळ भाषांत एकेक घर मोजत फिरावे लागते. येथे अख्खा तक्ता हीच एक वस्तू. त्याला 'त' म्हणू. +/त लिहिले की ओळींच्या बेरजा येतात: २ २ २ ३ १. मनमाडहून तीन मार्ग फुटतात, हे त्या तीनाने सांगितले.

खरी गंमत त+.×त मध्ये आहे. दौंडची ओळ व कल्याणचा स्तंभ घरोघर गुणून बेरीज केली की २ येतात. एक वाट पुण्यावरून, एक मनमाडवरून. पुण्याच्या घरात दोन्हीकडे १ असेल तरच गुणाकार १ होतो, म्हणून ही बेरीज म्हणजे दोन टप्प्यांच्या वाटांची मोजणी. (+.× ऐवजी ∨.∧ लिहिले तर 'किती' जाऊन 'आहे की नाही' एवढेच उरते.)

आबांना हे सांगितले. "दोनच. ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

मग मी ऐटीत पुन्हा एकदा 'त'ने गुणले. दौंड ते पुणे, तीन टप्प्यांच्या वाटा चार! आबा हसले. "चार कुठल्या? मनमाड-कल्याणवरून एक."

रात्री हिशेब तपासला. चूक नव्हती. दौंड-पुणे-दौंड-पुणे हीसुद्धा तक्त्याच्या लेखी वाटच! कुठे आधी जाऊन आलो, हे गुणाकाराच्या ध्यानात राहत नाही. ती नोंद वेगळी ठेवावी लागते. वर्गात 'चाल' आणि 'पथ' या दोन व्याख्या मी घोकल्या होत्या, पण त्यांतला फरक तोवर कळला नव्हता.

सकाळी चारही वाटा कागदावर लिहून आबांना वाचून दाखवल्या. तीन त्यांनीच खोडायला लावल्या.