बालकांचा राग : ओळख आणि आवर

मराठीत 'राग' हा शब्द कोप या अर्थाने रूढ आहे. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ रंग, रंगून जाणे, आसक्ती असा होतो. 'अनुराग' आणि 'विराग' या शब्दांत तो जुना अर्थ आजही टिकून आहे. ज्या शब्दाने ओढ सांगितली जात होती त्याच शब्दाने कोप सांगितला जाऊ लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही विषयचिंतनापासून संग, संगापासून काम आणि कामापासून क्रोध असा क्रम सांगितला आहे. तात्पर्य, क्रोध आपण होऊन उभा राहत नाही; त्याच्या मागे कसली तरी ओढ असते आणि त्या ओढीला कोठे तरी अडथळा झालेला असतो. साधक स्वतःच्या बाबतीत हा विचार करतो. घरातील बालक चिडले म्हणजे मात्र त्याला त्याचा विसर पडतो.

केशिराजबासांनी दृष्टांतपाठाची रचना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशा तीन अंगांनी केली आहे. त्यातील हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. ज्याच्या हाती सोंड आली त्याने सोंडेवरून हत्ती सांगितला, ज्याच्या हाती पाय आला त्याने पायावरून. कोणीही खोटे बोलला नाही. परंतु हत्ती कोणालाच कळला नाही. बालकाच्या रागाविषयी वडीलधाऱ्यांचे असेच होते.

लोहा-कंधार परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. काही मुले आईबापांबरोबर कोप्यांवर राहतात, काही गावी आजीआजोबांपाशी. गावी राहिलेल्या अशा सात-आठ वर्षांच्या एका मुलाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. भाकरी कडक झाली एवढ्या कारणावरून तो ताट भिरकावतो. धाकट्या बहिणीने पाटीला हात लावला म्हणून तिला मारतो. आजी म्हणते, "पोरगं माजलं." गुरुजी म्हणतात, "वात्रट आहे." शेजारी म्हणतो, "बापाचा स्वभाव उतरला." प्रत्येकाच्या हाती एकेक अवयव आला आहे. माय जाऊन दीड महिना झाला आणि ती केव्हा येणार हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नाही, हा अख्खा हत्ती मात्र कोणाच्याच हाती लागलेला नाही. येथे रागाच्या पोटात अनुराग आहे. जुना अर्थ नव्या अर्थाच्या आत दडून बसला आहे.

प्रत्येक वेळी कारण एवढे खोल असेलच असे नाही. भूक, अपुरी झोप, ताप, सर्वांदेखत झालेला अपमान, भावंडांत झालेला दुजाभाव, न जमलेला अभ्यास ही नित्याची कारणे होत. दोन-तीन वर्षांच्या लेकराचा थयथयाट तर पुष्कळदा शब्द न सापडल्यामुळे असतो. आवेग आवरण्याचे काम मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असते आणि त्या भागाची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते, असे शरीरशास्त्र सांगते. प्रौढाच्या संयमाची अपेक्षा बालकाकडून करणे म्हणजे रोपट्याकडे सावली मागणे होय.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. राग येणे ही ऊर्मी आहे. मारणे, फोडणे, शिवी देणे ही क्रिया आहे. ऊर्मीबद्दल बालकाला अपराधी ठरवू नये आणि क्रियेला मुभा देऊ नये. "रागवायचेच नाही" असे बजावल्याने राग जात नाही, तो केवळ दिसेनासा होतो. मग ते मूल कुढते, खोटे बोलते, किंवा आपल्याहून दुबळ्यावर, मुक्या जनावरावर तो काढते. "राग आला तरी चालेल, बहिणीला मारलेले चालणार नाही," हे वाक्य मात्र बालकाला कळते आणि पेलतेही.

मारणाऱ्या मुलाला मारून अहिंसा शिकविता येईल काय? १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या ७२ बालकांवर एक प्रयोग केला. काही बालकांना मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवीत असलेले दाखविले. नंतर आवडती खेळणी काढून घेऊन सर्वांनाच थोडे चिडविले. ज्यांनी मारणे पाहिले होते त्यांच्यातील पुष्कळांनी बाहुल्याला तसेच बडविले, मोठ्यांचे शब्दही जसेच्या तसे उच्चारले. बालक उपदेश ऐकते त्यापेक्षा आचार अधिक पाहते, ही गोष्ट त्यातून दिसून आली. भारतातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. अहिंसाधर्म स्वीकारलेल्या घरात आणि आश्रमात तर या गोष्टीसाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता आचाराचा विचार. लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. गर्दीत, ढोलाच्या आवाजाने घोडा बुजतो. नवशिका त्याला चाबूक मारतो. घोडा अधिकच उधळतो. जाणता माणूस लगाम जवळ धरतो, आवाज खाली आणतो, मानेवर हात ठेवतो, गर्दीबाहेर नेऊन चार पावले चालवितो. घोडा शांत झाल्यावरच पुढचे शिकविणे. त्याने लगाम सोडलेला नाही आणि चाबूकही उगारलेला नाही.

याचे दार्ष्टांतिक असे. बालक संतापाच्या भरात असताना उपदेश करू नये. त्या वेळी त्याला काही ऐकू येत नाही. प्रथम मार खाणाऱ्याला आश्रय द्यावा. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली ससा येऊन लपला, तेव्हा स्वामींनी त्याला दिले नाही. आणि पारध्यांवर कोप न करता त्यांना बोध केला. त्याचप्रमाणे बहिणीला जवळ घ्यावे, उगारलेला हात हळू पण घट्ट धरावा आणि मारणाऱ्याविषयीही मनात दुष्टावा आणू नये. नंतर त्याला गर्दीतून बाजूला न्यावे, पाणी द्यावे, अंगणात चालवावे, दीर्घ श्वास घ्यायला लावावे. एकटे कोंडून मात्र ठेवू नये.

शांत झाल्यावर शब्द द्यावेत. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. खट्टू होणे, हिरमुसणे, रुसणे, फुगणे, वैतागणे, चिडणे, संतापणे या पायऱ्या आहेत. ज्याला फक्त संताप ठाऊक आहे तो थेट शेवटच्या पायरीवर जातो. "मी हिरमुसलो" असे म्हणता येणारे मूल ताट भिरकावण्यापूर्वीच थांबू शकते. शेवटी बिघडलेले नीट करायला लावावे. भिरकावलेले ताट त्यानेच उचलावे, बहिणीला त्यानेच पाणी द्यावे. दरडावून घेतलेल्या क्षमेपेक्षा हे लहानसे काम अधिक टिकते.

हे सर्व करणाऱ्या वडीलधाऱ्याचा स्वतःचा राग हा खरा अवघड भाग आहे. दिवसभर राबून आलेल्या आजीचा हातही उठतो. उठला तर तिने नंतर नातवाला सांगावे, "लेकरा, माझं चुकलं." त्याने मान कमी होत नाही, राग आल्यावर माणूस परत कसा येतो, हे त्या बालकाला प्रत्यक्ष दिसते.

एवढे करूनही मूल आठवडे न् आठवडे शांत होत नसेल, स्वतःला किंवा जनावरांना इजा करीत असेल, झोप-जेवण सुटले असेल, तर त्याला वैद्यकीय साह्य घ्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहेत. त्यात लाज नाही.

वरील मुलाच्या बाबतीत आजीने एके सायंकाळी एवढेच विचारावे, "माईची सय येते का रे?" आणि उत्तराची वाट पाहत जवळ बसावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माय परत येण्याच्या सुमाराची खूण त्याच्याच हाताने करून घ्यावी, ठरलेल्या दिवशी तिच्याशी दूरध्वनीवर बोलणे करून द्यावे. ओढ तशीच राहील, परंतु तिला वाट मिळेल. वाट मिळालेल्या ओढीला ताट भिरकावण्याचे प्रयोजन उरत नाही.