सरावात जमलेली सर्व्हिस नंतर का बिघडते?

प्रश्न : बॅडमिंटनच्या एकाच सर्व्हिसचा तासभर सराव केल्यावर ती अचूक पडू लागते, मग दोन दिवसांनी ती पुन्हा का चुकते?

उत्तर : सरावादरम्यान दिसणारी सफाई आणि काळ लोटल्यावरही टिकणारे कौशल्य या भिन्न गोष्टी असून, कारक अध्ययनाच्या, म्हणजे शारीरिक हालचाली शिकण्याच्या, शास्त्रात दुसरीलाच खरे शिकणे मानले जाते. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर, तर गुड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर केलेल्या प्रयोगांत, एकेक प्रकार सलग घोटणाऱ्यांपेक्षा सर्व प्रकार आलटूनपालटून करणारे नंतरच्या चाचणीत सरस ठरले. ‘संदर्भजन्य व्यत्यय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिणामाचे एक स्पष्टीकरण असे, की सलग आवर्तनांत मेंदू आधीचाच आराखडा वापरतो, परंतु क्रम बदलताच तो आराखडा प्रत्येक वेळी नव्याने उभारावा लागतो, आणि सामन्यात नेमके तेच करावे लागते. अशा सरावात चुका अधिक होतात व त्यांनाच अपयश समजून अनेक प्रशिक्षक ही पद्धत सोडून देतात, ही खेदाची बाब आहे. अगदी नवशिक्याने मात्र हालचालीचे ढोबळ स्वरूप बसेपर्यंत एकाच सर्व्हिसवर लक्ष द्यावे, आणि त्यानंतर लहान, लांब व वेगवान सपाट सर्व्हिस मिसळून कराव्यात.