भट्टीवरून घरी आल्यावर

दिवाळी झाली, भात झोडून झाले, की आमच्या जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, कोणी वसईला, कोणी कल्याणला. घरी म्हातारी माणसे राहतात. पाऊस जवळ आला, भट्ट्या बंद झाल्या, की माणसे परत येतात. जीप भरून येते. खाली भांडी, वर बोचकी, बोचक्यांवर पोरे.

घर उघडले की काय दिसते? कुडाचे लिंपण गळलेले. वाशांना वाळवी. कणगीत उंदीर. बाई आधी घर सारवायला घेते. गडी छपरावर चढतो. म्हाताऱ्याने राब भाजून ठेवला असेल तर ठीक, नाही तर तीही घाई. नागलीचे, भाताचे बियाणे बघायचे असते. या गर्दीत एक काम मागे पडते. ते म्हणजे भट्टीचा हिशेब. पाऊस सुरू झाला की तो कोणी काढत नाही.

एका वर्षी असाच एक गडी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. बरोबर त्याची बायको होती. (आमच्याकडे गुरुजीलाही ‘तू’ म्हणतात. त्यात मान कमी होत नाही.)

“गुरुजी, तू एवढं बघ. सहा महिने दोघांनी राबलो. आन् मुकादम म्हणतो, आठशे रुपये तुझ्याच अंगावर. कसे?”

मी विचारले, “उचल किती घेतली होतीस?”

“वीस हजार.”

“आणि खर्ची?”

“हप्त्याला हजार. चोवीस हप्ते.”

“दर काय ठरला?”

“हजार विटांना सहाशे.”

“मग विटा किती थापल्या?”

गडी गप्प झाला. “मुकादम बाहत्तर हजार बोलला,” तो म्हणाला.

तेव्हा बाई बोलली. “माझ्याकडं लिवलंय.” तिने पिशवीतून एक मळके कॅलेंडर काढले. ही बाई आमच्या साक्षरता वर्गात अंकांपर्यंतच शिकली होती. पण दर हप्त्याला किती विटा झाल्या, तो आकडा तिने रविवारच्या चौकोनात लिहिला होता. आम्ही कंदिलाजवळ बसून चोवीस आकड्यांची बेरीज केली. विटा झाल्या ९० हजार!

आता हिशेब पाहा.

९० हजार विटांचे, हजारी ६०० प्रमाणे, ५४,००० रुपये होतात. त्यातून उचल २०,००० वजा. खर्ची २४,००० वजा. हातात यायला हवे १०,००० रुपये.

मुकादमाने विटा धरल्या ७२ हजार. त्यांचे होतात ४३,२०० रुपये. उचल आणि खर्ची मिळून ४४,०००. म्हणून अंगावर ८०० राहिले.

दोघे कॅलेंडर घेऊन मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, “फुटीच्या विटा वजा केल्या.” बाईने विचारले, “अठरा हजार फुटल्या का?” वाद झाला. अखेर त्याने सहा हजार दिले. पुरे दिले नाहीत. पण अंगावरचे आठशे गेले.

आठशे रुपये म्हणजे काही फार नाहीत, असे कोणी म्हणेल. पण बाकी अंगावर असली की पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर जावे लागते, तो म्हणेल त्या दराने. आपल्याकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, पूर्वी लग्नासाठी कर्ज काढून माणूस सावकाराकडे राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. ही रीत आता कायद्याने बंद आहे. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. उचल फिटली नाही म्हणून कोणालाही अडकवून ठेवता येत नाही, ओढून नेता येत नाही. तसे कोणी केले तर तहसीलदाराकडे अर्ज द्यावा. अर्ज साध्या कागदावर चालतो.

आता पोरांचे. इथे माझी एक चूक सांगतो.

मी शाळेवर असताना एक बाप जूनमध्ये मुलाला घेऊन आला. मुलगा दिवाळीपासून भट्टीवर होता. मी त्याचे नाव पटावरून कमी केले होते. मी म्हटले, “दाखला आण, मग बघू.” कुठला दाखला आणि कोणाचा? नाव मीच काढले होते! बाप मान हलवून गेला. मुलगा पुन्हा आला नाही. पुढे तो मला जव्हारच्या बाजारात भेटला. त्याच्या कडेवर त्याचे पोर होते. त्याने मला ओळखले आणि हसला. मला मात्र काही बोलता आले नाही.

आज तसे करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावेच लागते. दाखला नाही, हे कारण चालत नाही. जाताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत मूल बसवता येते. परत आल्यावर आपल्या शाळेतही ते उपयोगी पडते.

पाच वर्षांच्या आतले मूल असेल तर आल्या आठवड्यात अंगणवाडीत न्या. ताईला वजन करायला सांगा, दंड मोजायला सांगा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर थांबू नका. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, तिथे न्या. आपल्याकडे पावसाळ्याचे महिनेच वाईट. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने कितीतरी बालके गेली. ती आठवण जुन्या माणसांना अजून आहे.

रेशनकार्डही काढून बघा. नवे मूल झाले असेल तर त्याचे नाव घालून घ्या. आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते: आपल्या कार्डावर भिवंडीच्या दुकानातही धान्य मिळते. मग खर्चीतले पैसे तेवढे वाचतात.

वहीत सोडवा: दर हजारी ६५० रुपये. विटा ८० हजार. उचल १५,००० रुपये. खर्ची हप्त्याला १,२०० रुपये, २० हप्ते. हातात किती आले?

(उत्तर: १३,००० रुपये. जुळले नाही तर उद्या वर्गात वही घेऊन या.)